घरी व्यायामासाठी नेमकं काय घ्यावं? ट्रेडमिल, सायकल की डंबेल्स?

हिरवाचाफा
नमस्कार मंडळी. बरेच दिवस विचारू विचारू करत होते, आज वेळ मिळाला. वय ४३, ठाण्यात राहते, नोकरी विक्रोळीला, दिवसभर खुर्चीत. जानेवारीत जिम लावली होती, वर्षाचे पैसे भरले आणि मोजून १९ दिवस गेले, कारण घोडबंदर रोडवरून घरी पोचेपर्यंत साडेआठ वाजतात आणि मग पुन्हा चपला घालून बाहेर पडणं होत नाही. म्हणून आता घरीच काहीतरी करायचं असं ठरवलंय.

वजन ६८, उंची ५ फूट २. वजन भराभरा उतरावं असं काही नाही, पण दंडाखाली लोंबायला लागलंय, पोट सुटलंय, आणि मागच्या महिन्यात गॅसचा सिलेंडर सरकवताना कंबरेत अशी उसण भरली की चार दिवस वाकता येईना. त्या चार दिवसांत मला खरंच भीती वाटली. आत्ता ही अवस्था तर साठीत काय? अंग जरा आवळून यावं आणि ताकद यावी एवढंच हवंय.

जागा: बेडरूममध्ये खिडकीखाली ६ बाय ४ फूट. बजेट १५ हजार, ताणून २०. नवरा म्हणतो ट्रेडमिल घेऊ. सासूबाई (वय ६९, बीपीची गोळी चालू, गुडघे कुरकुरतात) म्हणतात सायकल घ्या, मलाही पाय मारता येतील. मुलगी म्हणते बँड्स घे, ते ताणून व्यायाम करायचे रबरी पट्टे. आणि मला रोज जाहिराती दिसतात त्या पोटाला बांधायच्या थरथरणाऱ्या पट्ट्याच्या. डोकं चालेनासं झालंय. वापरणाऱ्यांनी खरं खरं सांगा.

सह्यभटका
पट्टा अजिबात नको. बाकी सविस्तर रात्री लिहितो.

अबोली
वाचतेय. मलाही हेच विचारायचं होतं, फक्त माझी जागा अजून कमी आहे, सोफा आणि टीव्हीच्या मधली.

बाराबंदी
ताई, मी कोल्हापूरचा. आमच्या आजोबांनी उभ्या आयुष्यात मशीन बघितलं नाही. गंगावेश तालमीत पहाटे चारला उठून जोर, बैठका आणि मुद्गल, संपला विषय. सत्तराव्या वर्षी शेंगांचं पोतं खांद्यावर टाकून माडीवर न्यायचे. २० हजार कशाला घालवताय, २५ जोर आणि ५० बैठका रोज काढा, सहा महिन्यांत अंग असं आवळतंय का नाही बघा. पैसे उरतील त्यात दूध-तूप खावा.

हिरवाचाफा
@बाराबंदी, आजोबांना नमस्कार. पण दादा, मला एक जोर निघत नाही हो. गुडघे टेकवून केला तरी तिसऱ्याला हात थरथरतात.

रेघोट्या
माझा अनुभव सांगते. आम्ही ट्रेडमिल घेतली होती, साधारण २५ हजारांची. जाहिरातीत मोटरचा आकडा मोठा लिहिला होता, तो 'पीक' होता, म्हणजे क्षणभर जास्तीत जास्त जाईल तेवढा. सतत चालताना मिळते ती ताकद वेगळी आणि ती त्याच्या निम्मीच होती. नवरा ८८ किलोचा, तो चढला की पट्टा अडखळायचा. दुसरं म्हणजे पट्ट्याची रुंदी. ४० सेंमी पट्ट्यावर मोकळेपणी हात हलवून चालताच येत नाही, सारखं लक्ष पायाकडे. तिसरं, दर दोन-तीन महिन्यांनी पट्ट्याखाली सिलिकॉनचं तेल सोडावं लागतं, ते आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि एक दिवस जळका वास आला. चौथं, तिला पॉवरचं मोठं सॉकेट लागतं, आमच्या बेडरूममध्ये ते फक्त एसीला होतं, त्यामुळे उन्हाळ्यात एसी किंवा ट्रेडमिल!

तुमच्या ६ बाय ४ मध्ये ती बसणारही नाही. मशीनच पाच-साडेपाच फूट लांब असतं आणि मागे पडलंच तर म्हणून मोकळी जागा हवीच, भिंतीला चिकटवून ठेवणं धोक्याचं आहे.

टोरांटोकर
रेघोट्या, सगळे मुद्दे बरोबर, पण ट्रेडमिलला सरसकट वाईट म्हणू नका. आमच्याकडे नोव्हेंबर ते मार्च बाहेर बर्फ आणि निसरडं, पावणेपाचला अंधार. तळघरात ठेवलेली ट्रेडमिल सहा वर्षं रोज चालतेय, आईबाबा आले की तेही त्यावर चालतात, बाबा त्यावर विष्णुसहस्रनाम पूर्ण करतात, बरोबर तीस मिनिटं. जिथे बाहेर चालणं शक्य नाही तिथे ती देवासारखी आहे. ठाण्यात मात्र खाली उतरलं की रस्ता आहे, उपवन आहे, येऊरचा पायथा आहे. त्यासाठी यंत्र का घ्यायचं?

हिरवाचाफा
@टोरांटोकर, पावसाळ्यात चार महिने? :)

टोरांटोकर
सोसायटीचे जिने!

कोपऱ्यातली
जिने म्हणजे चढायचे पायी आणि उतरायचं लिफ्टने, गुडघे दुखत असतील तर उतरतानाच जास्त भार येतो. मी सातव्या मजल्यावर राहते, दिवसातून दोनदा करते.

फिजिओ_मी
मी फिजिओथेरपिस्ट आहे, पुण्यात. या विषयावर मला मनापासून लिहायचंय, कारण माझ्याकडे कंबर धरून येणाऱ्या चाळिशीतल्या बायकांपैकी बऱ्याच जणी 'सिलेंडर सरकवताना', 'कुंडी उचलताना', 'गादी उलटताना' असंच सांगतात. भरलेल्या सिलेंडरमध्ये गॅस १४.२ किलो आणि वर जवळजवळ तेवढ्याच वजनाची लोखंडी टाकी, म्हणजे ३० किलोच्या आसपास. आणि व्यायाम म्हणून आपण घेतो गुलाबी रंगाचं १ किलोचं डंबेल. शरीराला रोजच्या आयुष्यात जे उचलायचंय त्याची तयारी १ किलोने कशी होणार?

आता 'टोनिंग', म्हणजे तुम्ही म्हणता ते अंग आवळून येणं, म्हणजे काय ते आधी बघू. स्नायू मऊ असतो आणि मग तो 'टोन' होतो असं काही नसतं. दोनच गोष्टी घडतात, स्नायू थोडा वाढतो आणि त्याच्यावरची चरबी थोडी कमी होते, मग आकार दिसायला लागतो. आणि चरबी कुठून कमी होणार हे आपल्या हातात नाही. दंडाचे व्यायाम केले म्हणून दंडाची चरबी जात नाही, पोटाचे केले म्हणून पोटाची जात नाही. म्हणूनच तो थरथरणारा पट्टा निरुपयोगी. त्यात स्नायू स्वतः काही काम करतच नाही, यंत्र त्याला हलवतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं दिली त्यात प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमछाकीची हालचाल सांगितलीय, भराभर चालणं त्यात येतं. त्याच्या जोडीला आठवड्यातून किमान दोन दिवस मोठ्या स्नायूंसाठी ताकदीचे व्यायाम. पहिला भाग चपला घालून होतो. सामान लागतं ते दुसऱ्यासाठी. म्हणजे पैसे कुठे घालायचे ते आपोआप ठरतं.

@बाराबंदी, जोर-बैठका उत्तमच, पण हिरवाचाफा यांना आत्ता जमिनीवरचे जोर नकोत. आधी भिंतीला हात टेकवून, मग ओट्याला, मग पलंगाच्या कडेला, मग जमिनीवर. व्यायाम तोच, फक्त अंग जितकं उभं तितका भार कमी. दर दोन-तीन आठवड्यांनी एक पायरी खाली उतरा. आणि बैठका म्हणजे खुर्चीवर बसून हात न टेकता उठणं, तिथून सुरुवात.

बाराबंदी
मॅडम, मान्य. आमच्या वस्तादांनी पण मी नवीन असताना पहिल्या दिवशी दहाच बैठका दिल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी मला पायरी चढवेना.

नवखा
मी हिंजवडीत पीजीत राहतो, डंबेल्स ठेवायला मालक परवानगी देत नाहीत. मी पाण्याचे कॅन वापरतो. तेलाचा ५ लिटरचा रिकामा कॅन धुऊन पाण्याने भरला की बरोबर ५ किलो, आणि मूठही छान असते. पाणी कमीजास्त केलं की वजन कमीजास्त. सॅकमध्ये जाड पुस्तकं भरून बैठका. खर्च शून्य. चार महिने झाले.

अबोली
@नवखा, हे लगेच करणार! आमच्याकडे असे तीन कॅन माळ्यावर पडलेत.

सह्यभटका
रात्रीचं सविस्तर.

मी १२ वर्षं घरीच व्यायाम करतो, त्यात चुकीचं सामान घेऊन बरेच पैसे घालवले, ते तुमचे वाचावेत म्हणून लिहितोय. डंबेल्स तीन प्रकारची मिळतात. एक प्लास्टिकच्या कवचात सिमेंट-वाळू भरलेली, स्वस्त, पण आकाराने ढब्बू आणि आपटली की तडा जाऊन गादीखाली वाळू. दुसरी रबर चढवलेली षटकोनी लोखंडी, ती गडगडत नाहीत, फरशीला मऊ, आयुष्यभर टिकतात, पण प्रत्येक वजनाची वेगळी जोडी घ्यावी लागते. तिसरी म्हणजे दांडा आणि चकत्या, लागेल तसं वजन चढवायचं, टोकाला फिरवून नट बसवायचा.

लोक सुरुवातीला २ किलोची जोडी घेतात आणि तिथेच फसतात. महिन्याभरात २ किलो हलकं वाटतं, मग थेट ५ ची घेतात, म्हणजे अडीचपट उडी, खांदा धरतो, बंद. चकत्यांच्या दांड्याला अर्धा-अर्धा, एक-एक किलो चढवता येतं, म्हणून नवशिक्यांसाठी मी तरी तोच सांगेन. पण प्रत्येक फेरीच्या आधी नट आवळून बघायचा, हे दात घासण्यासारखं अंगवळणी पडलं पाहिजे. डोक्यावर दांडा नेला आणि एक चकती घसरली तर काय होईल ते सांगायला नको. लोखंडी चकत्या घ्या, सिमेंटच्या नको, त्याच वजनाला निम्म्या जाडीच्या असतात.

रेघोट्या
सह्यभटका, वजनावरून आठवलं. मी ऑनलाइन ५ किलोची जोडी मागवली, उजव्यापेक्षा डाव्या हातातलं सारखं हलकं लागायचं. मला वाटलं डावा हात... म्हणजे उलट असायला हवं ना, डाव्या हाताला जड लागायला हवं. शेवटी रद्दीवाला आला होता, त्याच्या ताणकाट्याला पिशवीत घालून लटकवलं. एक ४ किलो ९००, दुसरं ४ किलो ३००. रद्दीवाले काका म्हणाले, "ताई, यात लोखंड कमी, माती जास्त." तेव्हापासून काहीही आणलं की आधी काट्यावर.

पेठेतली
आमचे रद्दीवाले काका स्वतःच्या काट्यावर किती माती धरतात ते पण विचारायला हवं. (हलकेच घ्या!)

शेजारीण
बाकी ठीक आहे, पण खालच्या मजल्यावरच्यांचा कुणी विचार करतंय का? आमच्या वरचे रविवारी सकाळी सहाला दोरीउड्या मारतात, आमच्या पंख्याची दांडी हलते. मी दोनदा सांगून आले. कृपा करून रबरी चटई घाला, योगामॅट नव्हे, ती ६ मिमी असते, तिने आवाज अडत नाही. जाड रबराच्या फरश्या मिळतात एकमेकांत अडकवायच्या, त्या घाला. आणि दोरीउड्या खाली पार्किंगमध्ये किंवा गच्चीवर.

सह्यभटका
शेजारीण, शंभर टक्के. शिवाय स्वतःची फरशी वाचते. माझ्या हातून ७.५ किलोचं डंबेल गुडघ्याच्या उंचीवरून पडलं, व्हिट्रिफाइड टाइलचा तुकडा उडाला. ती टाइल आता कंपनी बनवत नाही, त्यामुळे हॉलच्या मध्यात एक वेगळ्या रंगाची फरशी आहे.

चांदणचुरा
मुलगी बरोबर म्हणतेय, बँड्स घ्या! मी मुंबई-नागपूर सारखी फिरते, बॅगेत मावतात.

पण एक सांगायलाच हवं. रबरी बँड म्हातारे होतात. माझे खिडकीच्या खिळ्याला टांगलेले असायचे, दुपारचं ऊन थेट. वर्षभराने खेचताना काडकन तुटला आणि गालावर असा बसला की आठवडाभर वळ होता, दोन बोटं वर लागला असता तर डोळा होता. नंतर नीट बघितलं तर त्याच्यावर बारीक बारीक भेगा होत्या, सुकलेल्या चिखलाला पडतात तशा. आता कपाटात ठेवते, थोडी टाल्कम पावडर लावून, आणि वापरायच्या आधी ताणून उजेडात बघते. भेग दिसली की कचऱ्यात. दाराच्या फटीत अडकवायचं असेल तर दार आपल्याकडे उघडणारं नको, खेचल्यावर बंद होणारं हवं, आणि कडी लावायची.

फिजिओ_मी
चांदणचुरा, फार महत्त्वाचं लिहिलंत, धन्यवाद. आणि बँड का हवाच ते सांगते. सामान नसलेल्या व्यायामात ढकलायचे प्रकार भरपूर आहेत, जोर वगैरे, पण ओढायचे जवळजवळ नाहीत. सूर्यनमस्कारातही नाहीत. आणि आपलं सगळं काम पुढे वाकून, लॅपटॉप, मोबाइल, कणीक, भांडी. पाठीचा वरचा भाग कमकुवत, खांदे पुढे. बँड दारात अडकवून कोपर मागे नेत ओढणं किंवा डंबेलने एका हाताने 'रो' करणं (पुढे वाकून डंबेल कमरेकडे ओढणं), हे घरगुती व्यायामात हमखास सुटतं.

औंधकर
सूर्यनमस्काराचं नाव घेतलंत म्हणून बोलतो. औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला तो काही उगीच नाही. राजा स्वतः रोज घालायचा. माझे वडील ८१ वर्षांचे, रोज १२. एक चटई पुरते. तुम्ही सगळे मिळून या ताईंना दुकानात पाठवताय, मला हे पटत नाही.

फिजिओ_मी
औंधकर, सूर्यनमस्कार मी स्वतः घालते. लवचीकपणा, दम, खांदे, सगळं होतं. पण त्यात भार आपल्या अंगाएवढाच राहतो. रोज १२ घालणाऱ्याच्या शरीराला तीन महिन्यांत १२ ची सवय होते, मग संख्या वाढवावी लागते आणि नोकरदार बाईला तेवढा वेळ नसतो. चाळिशीनंतर, विशेषतः पाळी जाण्याच्या सुमारास, बायकांचे स्नायू आणि हाडं दोन्ही उतरणीला लागतात. हाडाला वाढता भार मिळाला तर ते तग धरतं. तेवढ्यासाठी वजन. दोन्ही करा, भांडण नाहीच.

औंधकर
हाडांचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. बायकोला दाखवतो हा धागा.

जुईली
वजन उचलल्यावर हात पुरुषांसारखे होत नाहीत ना? माझी आई मला सारखी हेच ऐकवते.

सह्यभटका
जुईली, मी १२ वर्षं उचलतोय, पुरुष असून माझे झाले नाहीत, तुमचे कसे होतील! :) आईला निर्धास्त राहायला सांगा.

फिजिओ_मी
बायकांमध्ये टेस्टोस्टेरॉन पुरुषांच्या मानाने फारच कमी असतं, त्यामुळे तसे दंड व्हायला वर्षानुवर्षं खास आहार आणि खूप मोठी वजनं लागतात. आठवड्यातून दोन-तीनदा अर्धा तास करून ते चुकूनही होत नाही.

पेठेतली
माझी मावशी दादरला शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिरात लहानपणी दोरीचा मल्लखांब करायची. ती संस्था १९२५ सालची. तिच्या आईलाही तेव्हा लोक हेच सांगायचे, पोरीचे हात राकट होतील म्हणून. मावशी आता ६६ ची आहे आणि ट्रेकला आमच्या पुढे असते.

आजोबा_७१
सासूबाईंबद्दल लिहितो. माझ्या उजव्या गुडघ्याची वाटी बदललीय तीन वर्षांपूर्वी. घरी चुंबकीय सायकल आहे, म्हणजे चाकाला पट्टा किंवा ब्रेकचा गुटका घासत नाही, चुंबक जवळ-लांब होतो, आवाज नाही, बातम्या ऐकू येतात. घेताना तीन गोष्टी बघा. सीटची उंची इतकी हवी की पेडल सर्वात खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील. सीट फार खाली असेल तर गुडघा जास्त दुमडतो आणि दुखणं वाढतं. दुसरं, चढताना पाय किती उंच उचलावा लागतो. मधला दांडा खाली असलेली घ्या. तिसरं, पाठ टेकायची सोय. मी रोज २० मिनिटं चालवतो.

ते छोटं, नुसतं पेडलचं यंत्र मिळतं ना खुर्चीसमोर ठेवायचं, ते आधी घेतलं होतं. टाइल्सवर पुढे पुढे पळतं. मी शेवटी भिंतीला टेकवून चालवायचो.

पण १५ हजारांत सायकल घेतलीत तर सुनेच्या कामाचं फार उरणार नाही, आणि सायकलने हातांना काही मिळत नाही.

फिजिओ_मी
आजोबा, नेमकं बोललात. सासूबाईंना सायकलपेक्षा आधी खुर्चीतून उठणं-बसणं, दिवसातून दोनदा १०-१०, आणि ओट्याला धरून टाचा वर उचलणं. गुडघ्याला मांडीचा स्नायू सांभाळतो, तो बळकट झाला की कुरकुर कमी होते. बीपीची गोळी चालू आहे तर एक नियम, जोर लावताना श्वास रोखायचा नाही, तेव्हा बीपी झपकन चढतं. उचलताना तोंडाने आकडे मोजायचे, मग श्वास रोखताच येत नाही. आणि सुरू करण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

खवय्या_तात्या
विषयांतर करतो, पण खाण्याचं कुणीच बोललं नाही. स्नायू काय हवेतून येणार? सकाळी पोहे, दुपारी पोळी-बटाटा भाजी, रात्री वरणभात म्हणजे प्रथिनं किती? मुगात १०० ग्रॅमला साधारण २४ ग्रॅम, पण वरणाच्या वाटीत डाळ जाते मूठभर आणि वर पाणी. मटकीची उसळ मोठी वाटी भरून, दही, दोन अंडी (एका अंड्यात ६ ग्रॅमच्या आसपास), पोह्यांवर दाणे सढळ हाताने.

कोपऱ्यातली
सोयाचंक्स पण. मी कुस्करून ठेच्यात परतते, खिमा म्हणून मुलं खातात.

खवय्या_तात्या
कोपऱ्यातली, रेसिपी वेगळ्या धाग्यात टाका!

गोंयकार
सेकंडहँड घेतलं तर? म्हापशात मला २० किलोचा पूर्ण सेट अर्ध्याहून कमी पैशांत मिळाला. २०२० मध्ये जिम बंद होती तेव्हा लोकांनी वाट्टेल त्या किमतीला सामान घेतलं, महाराष्ट्रात तर जिम उघडली २५ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी. त्यातलं कितीतरी सामान अजून बाल्कनीत पडून आहे. सोसायटीच्या ग्रुपवर नुसतं विचारा, "कुणाकडे डंबेल्स पडून आहेत का?"

सह्यभटका
गोंयकार, अगदी. लोखंड शिळं होत नाही. गंज असेल तर काथ्याने घासा आणि तेलाचं बोट फिरवा. दांड्याचे आटे मात्र बघा, नट शेवटपर्यंत सरळ बसला पाहिजे. जुनं मोटरवालं काहीही घ्यायचं तर तिथेच २० मिनिटं चालवून बघितल्याशिवाय नको. बँड आणि मॅट नवीनच.

अबोली
आणि ठेवायचं कुठे? माझी मॅट कपाटावर होती तेव्हा सहा महिने निघाली नाही. आता टीव्हीच्या बाजूला उभी असते, मालिका लागली की हात आपोआप तिकडे जातो.

हिरवाचाफा
मंडळी, किती मनापासून लिहिलंत! काल सगळा धागा घरात मोठ्याने वाचून दाखवला. ट्रेडमिल रद्द, नवऱ्याने टेप घेऊन जागा मोजली आणि स्वतःच गप्प बसला. ग्रुपवर विचारलं तर बी विंगमधल्या एका काकूंनी मुलाचा २० किलोचा लोखंडी सेट दोन दांड्यांसकट २,००० ला दिला, वर चहा पाजला. जाड रबराच्या फरश्या, हँडलवाला आणि लूपचा असे दोन बँड, १० मिमी मॅट नवीन घेतली, अर्धा किलोच्या चार चकत्या वेगळ्या. सगळं मिळून ७ हजारांच्या आत. आता फिजिओ_मी, काय करू ते सोप्या शब्दांत सांगाल का?

फिजिओ_मी
शाब्बास. उसण पूर्ण गेलीय ना, पाय-मांडीत कळ, मुंग्या काही नाही ना, हे आधी तपासून घ्या. मग एक दिवसाआड, म्हणजे आठवड्यातून तीनदा, पाच प्रकार: खुर्चीवरची बैठक, ओट्यावरचे जोर, बँडने ओढणं, डंबेल खांद्यावरून वर ढकलणं, आणि कमरेतून वाकून वजन उचलणं. शेवटचा तुमच्यासाठी सगळ्यात मोलाचा. पाठ सरळ, ढुंगण मागे, जसं हात भरलेले असताना मागचं दार ढुंगणाने लोटतो ना, तसं. वजन मांड्यांना घासत खाली आणि वर. प्रत्येकी १० वेळा, दोन फेऱ्या. शेवटचे दोन जड वाटले पाहिजेत पण आकार बिघडता कामा नये. व्यायामाच्या लागोपाठ दोन खेपांना १२ सहज निघाले की अर्धा किलो चढवा. वहीत लिहा.

बाराबंदी
मॅडमनी सांगितलेलं दार लोटायचं आमच्या आईला शिकवलं, ती म्हणाली मी कळशी अशीच उचलायची.

हिरवाचाफा
अडीच महिन्यांनी धागा वर काढतेय. वजन ६८ चं ६६.५, फार फरक नाही. पण ब्लाउजच्या बाह्या सैल झाल्या आणि दंड कडक लागतो. जोर ओट्यावरून पलंगाच्या कडेला आलेत. मधले नऊ दिवस व्हायरलने पडले होते, नंतर वजन थोडं उतरवून पुन्हा सुरू केलं. सासूबाई १० वरून १५ वर गेल्या, मोठ्याने मोजतात, ते ऐकून खालच्या काकूही विचारायला आल्या. मागच्या आठवड्यात सिलेंडर बदलला, पाठ सरळ ठेवून, दार लोटायचं आठवून. नंतर ओट्याला टेकून दोन मिनिटं उभी राहिले, कंबरेत काही नाही. डोळ्यात पाणी आलं खरंच.

आता प्रश्न: वाकून उचलण्याला दोन्ही हातांत मिळून २२ किलो पूर्ण झाले, सगळ्या चकत्या संपल्या. पुढे काय?

सह्यभटका
वा वा! अजून २.५ किलोच्या चार चकत्या घे, दांड्यावर जागा उरलीय का ते आधी बघ, नटाला शेवटी दोन बोटं आटे शिल्लक हवेत. नाहीतर २४ ची केटलबेल, म्हणजे वर मूठ असलेला लोखंडी गोळा.

फिजिओ_मी
फार आनंद झाला. चकत्या येईपर्यंत तेवढ्याच वजनाने एका पायावर भार देऊन करा, दुसरा पाय मागे नुसता टेकवायचा. दोन आठवडे आरामात निघतील.

रेघोट्या
आणि चकत्या आल्या की आधी रद्दीवाल्याचा काटा!

हिरवाचाफा
आमचे रविवारी येतात. तोवर एका पायावर.